गुळवेलीची वाट: शहापूर-मुरबाडचा झाडपाला आणि शहराचा अविश्वास

२०२० च्या उन्हाळ्यात मुंबई-ठाण्यातल्या स्वयंपाकघरांत सकाळ-संध्याकाळ काढा उकळू लागला. तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ आणि मनुका यांचा काढा घ्या, असं आयुष मंत्रालयाने मार्चअखेरीस सांगितलं होतं. जूनमध्ये पतंजलीचं ‘कोरोनिल’ आलं, त्यात गुळवेल होती. ऑक्टोबरात केंद्र सरकारने कोविडसाठी आयुर्वेद आणि योग यांवर आधारलेली उपचारपद्धती जाहीर केली, तिच्यातही गुळवेल होती. गोळ्या, चूर्ण, रस अशा सगळ्या रूपांत ती दुकानांतून संपू लागली आणि माल पुरवणाऱ्यांचा शोध जंगलापर्यंत गेला. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात कातकरी तरुणांची आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्था आधीपासूनच गुळवेल गोळा करून विकत होती. केंद्राच्या वनधन योजनेचा तिला हात मिळाला होता. २०२१ मध्ये सरकारने ही यशोगाथा म्हणून प्रसिद्ध केली, तेव्हा डाबर, बैद्यनाथ, हिमालय यांसारख्या कंपन्यांकडून या गटाला १ कोटी ५७ लाख रुपयांची मागणी आल्याचं सांगितलं गेलं. दर दिवाळीनंतर वीटभट्टीवर कुटुंबासह स्थलांतर करणाऱ्या समाजासाठी ही रक्कम किती मोठी आहे, हे भिवंडी-कल्याणच्या भट्ट्या पाहिलेल्या कोणालाही कळेल.

त्याच २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईतल्या यकृततज्ज्ञांकडे कावीळ झालेले सहा रुग्ण आले. कोविडपासून बचाव म्हणून सगळेच गुळवेल घेत होते. त्यांपैकी एकाचा मृत्यू झाला. डॉ. आभा नागराल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये ही प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकात मांडली आणि गुळवेलीवरून देशभर वाद पेटला. जंगलातली वेल, ती तोडणारे हात, ती विकणाऱ्या कंपन्या, ती घेणारं शहर आणि तिच्यावर आक्षेप घेणारे डॉक्टर हे सगळे एकाच वेळी समोरासमोर उभे होते. या प्रसंगाकडे ‘आयुर्वेद विरुद्ध ॲलोपॅथी’ या ठराविक भांडणातला आणखी एक अंक म्हणून पाहिलं गेलं. मला ते वाचन चुकीचं वाटतं. शहापूर-मुरबाडचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला तर वेगळंच दिसतं. इथल्या गावपाड्यांवर झाडपाला ही हाताशी असलेली सोय होती, दवाखान्याविरुद्ध घेतलेली भूमिका नव्हती. आधुनिक वैद्यकावर अविश्वास ठेवणारा सिद्धान्त म्हणून ‘नैसर्गिक जीवन’ मांडलं ते शहराने, आणि त्या सिद्धान्तासाठी लागणारा कच्चा माल मात्र या जंगलातून नेला.

जुन्या कागदांत कोळवण म्हणून ओळखला जाणारा शहापूरचा मुलूख आणि माळशेज-नाणेघाटाच्या पायथ्याचा मुरबाड, हा पावसाळ्यानंतर तापाने फणफणणारा प्रदेश होता. कातकरी, ठाकूर, महादेव कोळी, वारली आणि कुणबी-आगरी शेतकरी यांच्यासाठी ताप, हगवण, सर्पदंश आणि बाळंतपण ही आजारपणाची चार मोठी दारं. हगवणीला कुड्याची साल, तापाला गुळवेल किंवा काडेचिराईत, बाळंतपणाला सुईण, विंचू-सापाला भगत. यात निसर्गाची पूजा शोधायला गेलं तर फसगत होते. माणूस जवळ जे आहे त्यावर भागवत होता. १८६१ साली रेल्वे कसाऱ्यापर्यंत आली, म्हणून शहापूरला निदान कल्याण-मुंबईची वाट तरी मिळाली. मुरबाड तालुक्यात आजवर रेल्वे नाही.

आता त्याच काळातल्या इंग्रज डॉक्टरांकडे पाहा. १८६८ साली निघालेल्या भारताच्या अधिकृत औषधसंहितेत गुळवेलीचा समावेश होता. बलवर्धक आणि पाळीच्या तापावरचं औषध म्हणून तिची नोंद होती. मुंबईत नोकरी केलेल्या विल्यम डायमॉक यांनी पश्चिम भारतातल्या वनस्पती-औषधांवर आयुष्य घालवलं आणि बाजारातल्या जडीबुटी विकणाऱ्या गांध्यांकडून, वैद्यांकडून माहिती मिळवून ग्रंथ लिहिले. हिवतापावरचं इंग्रज डॉक्टरांचं सर्वांत खात्रीचं औषध, क्विनीन, तेही सिंकोना या झाडाच्या सालीतून काढलेलं. त्या काळातल्या ठाणे जिल्ह्यातच असलेल्या पनवेलला १८७२ साली धूतपापेश्वर हा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना सुरू झाला, म्हणजे देशी औषधही कारखान्यात शिरलं होतं. झाडपाला आणि ‘विलायती’ औषध यांच्यामध्ये आज जी भिंत आपण गृहीत धरतो ती तेव्हा बांधलेलीच नव्हती. दोन्ही बाजू एकमेकींकडून उचलत होत्या. फरक पडत गेला तो तपासण्याच्या पद्धतीत. क्विनीन किती द्यायचं, किती दिवस द्यायचं, त्याने कानात आवाज का येतो, हे मोजलं गेलं. गुळवेलीच्या बाबतीत ते काम अर्धवट राहिलं, आणि पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ तिथे आहे.

मग इथल्या लोकांच्या मनात सरकारी दवाखान्याविषयी जी अढी दिसते ती आली कुठून? माझं उत्तर असं, की ती औषधाबद्दल नव्हती, ती सरकारबद्दल होती. १८७८ च्या वनकायद्याने जंगल राखीव झालं. खैराच्या लाकडापासून कात काढणाऱ्या कातकऱ्यांचा धंदा हळूहळू बुडाला, राब जाळायला, सरपण आणायला आडकाठी आली. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतला असंतोष एवढा वाढला की १८८५ साली सरकारला मुंबई वन आयोग नेमावा लागला. पाड्यावर येणारा खाकी कपड्यांतला माणूस म्हणजे दंड, ही शिकवण या पिढ्यांना मिळाली. त्यानंतर दहा-अकरा वर्षांतच प्लेग आला. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. व्हिएगस यांनी पहिला रुग्ण ओळखला, मुंबईतून माणसांचे लोंढे रेल्वेने बाहेर पडले आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. कल्याणला गाड्या थांबवून प्रवाशांची तपासणी होई, संशयितांना वेगळं काढलं जाई. घरं उघडणं, बायकांच्या अंगाला हात लावणं, सामान जाळणं यांतून पुण्यात जे घडलं ते २२ जून १८९७ ला प्लेग अधिकारी रँड यांच्यावर झालेल्या प्राणघातक हल्ल्यापर्यंत गेलं. शास्त्रज्ञ हाफकिन यांनी त्याच वर्षी १० जानेवारीला प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. लस चांगली होती, पण ती ज्या हातातून आली त्या हाताची भीती वाटत होती. १९०२ साली पंजाबात मुल्कोवाल इथे दूषित कुपीमुळे १९ जण धनुर्वाताने दगावले आणि ती भीती आणखी पक्की झाली.

प्लेगनंतर दहा-बारा वर्षांत, १९०९ साली, महात्मा गांधींनी ‘हिंद स्वराज’ लिहिलं आणि डॉक्टर, इस्पितळं यांच्यावर कठोर हल्ला केला. औषध मिळतं म्हणून माणूस संयम सोडतो, असा त्यांचा मुद्दा होता. आधुनिक वैद्यकावरची आपल्याकडची सर्वांत प्रभावी टीका म्हणून ती आजही वाचली जाते. पण गांधींच्या निसर्गोपचाराचे गुरू कोण होते? लुई कूने आणि अडॉल्फ जस्ट, दोघेही जर्मन. कारखान्यांच्या धुरात, गजबजलेल्या शहरांत थकलेल्या युरोपीय मध्यमवर्गाला त्यांनी मातीचे लेप, कटिस्नान, ऊन, हवा, साधं अन्न यांकडे परत नेलं. निसर्गाकडे परत जायचं तर आधी निसर्गापासून दूर गेलेलं असावं लागतं. शहापूरमधल्या किन्हवली-डोळखांबच्या ठाकराला ऊन, माती आणि कंदमुळं यांकडे परत जाण्याची गरज नव्हती, तो तिथेच होता. त्याला हवं होतं ते क्विनीन आणि पोटभर धान्य.

गांधींच्या बाजूने एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. त्यांनी आपला सिद्धान्त स्वतःच्या शरीरावर तपासला आणि तो जिथे तोकडा पडला तिथे हट्ट धरला नाही. येरवड्याच्या तुरुंगात असताना त्यांना आंत्रपुच्छाचा त्रास झाला आणि १२ जानेवारी १९२४ च्या रात्री ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली आणि कंदिलाच्या उजेडात ती पुरी करावी लागली. गांधींनी त्या इंग्रज सर्जनचे मनापासून आभार मानले. पुढे मार्च १९४६ मध्ये उरुळी कांचनला निसर्गोपचार आश्रम उभा करताना त्यांचा भर खेड्यातल्या गरिबाला परवडेल अशा उपचारावर होता. मणिभाई देसाई यांनी तो आश्रम पुढे चालवला. म्हणजे गांधींचा निसर्गोपचार हा गरिबाच्या खिशाचा विचार होता. २०२० मध्ये शेकडो रुपयांच्या डब्यांतून जो ‘निसर्ग’ विकला गेला, त्याने गांधींचा अविश्वास तेवढा घेतला आणि त्यांचा साधेपणा, त्यांची कबुली देण्याची तयारी मागे टाकली.

नैसर्गिक जीवनानेच आरोग्य राखलं जातं, या म्हणण्याची परीक्षा ठाणे जिल्ह्याने दुःखद रीतीने घेतली आहे. नाचणी, वरई, शेवळं, कुर्डू, भारंगी, करटोली हा आदिवासी आहार आज शहरातल्या महोत्सवांत कौतुकाने मांडला जातो, आणि तो खरोखर सकस आहे. पण १९९२ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या जव्हार तालुक्यात वावर-वांगणीची मुलं कुपोषणाने दगावली, तेव्हा त्यांच्या भोवती जंगल होतं, स्वच्छ हवा होती, रानभाज्याही होत्या. धान्य नव्हतं, रोजगार नव्हता, रस्ता आणि डॉक्टर नव्हता. तानसा १८९२ पासून, भातसा गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांपासून मुंबईची तहान भागवतात, आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. दूषित पाण्याने होणाऱ्या हगवणीवर कुड्याची साल उपयोगी असेलही, पण तिथे कमतरता नळाची आहे.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. आदिवासी पाड्यांवर अविश्वास नाही म्हणता, तर २०२१ मध्ये लशीला विरोध का झाला? महाराष्ट्रातल्या अनेक आदिवासी भागांत तेव्हा लस घेतली की माणूस मरतो अशा अफवा पसरल्या, पथकं परत गेली, हे खरंच आहे. पण त्या विरोधात निसर्गोपचाराचा सिद्धान्त कुठे होता? तिथे भीती होती, अनोळखी माणसं होती, आणि मोबाइलवर नाव नोंदवायला सांगणारी यंत्रणा होती, जिथे मोबाइलला रेंज मिळायला टेकडी चढावी लागते. १८९७ ची पुनरावृत्ती सौम्य रूपात झाली. गावची आशाताई, अंगणवाडीताई, शाळेचे गुरुजी पुढे झाले की टोचून घेणाऱ्यांची रांग लागते, हा आपल्या आरोग्यखात्याचा नेहमीचा अनुभव आहे. सिद्धान्ताने आलेला नकार इतक्या सहज वितळत नाही.

याहून स्पष्ट पुरावा सर्पदंशाचा आहे. डहाणू तालुक्यात, म्हणजे २०१४ पर्यंतच्या ठाणे जिल्ह्यातच, भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञांनी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना प्रशिक्षण दिलं आणि भगतांनाही बरोबर घेतलं. भगताचा अपमान न करता त्याला विषारी दंशाची लक्षणं आणि वेळेचं महत्त्व समजावलं, रुग्ण लगेच दवाखान्यात धाडायला सांगितलं. सर्पदंशाच्या रुग्णांतलं मृत्यूचं प्रमाण २०१४ मधल्या ४.४ टक्क्यांवरून २०१७ मध्ये ०.४ टक्क्यांवर आलं. रायगडमध्ये महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं स्वस्त औषध वापरून कोकणातले मृत्यू असेच खाली आणले होते. या दोन्ही ठिकाणी लोकांनी मंत्र सोडून औषध का घेतलं? कारण औषध जवळ आलं, स्वस्तात आलं, आणि देणाऱ्याने त्यांना माणूस म्हणून वागवलं. शहापूर-मुरबाडच्या दुर्गम पाड्यांवरून आजही गरोदर बाईला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावं लागतं, आणि तालुक्याला पोहोचल्यावर ‘कळव्याच्या मोठ्या रुग्णालयात न्या’ असं ऐकावं लागतं. अशा वाटेवर जो सुईणीकडे जातो त्याला अंधश्रद्ध म्हणणं हा अन्याय आहे.

आता परत गुळवेलीकडे. मुंबईच्या सहा रुग्णांनंतर २०२२ मध्ये देशातल्या नऊ ठिकाणच्या तेरा केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वेल घ्यायला लागल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा मध्यक काळ ४६ दिवसांचा होता. यांतल्या अनेकांच्या यकृताची सूज स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने यकृतावर उलटावं तशा प्रकारची होती, आणि काहींना थायरॉइडसारखे विकार आधीपासून होते. आयुष मंत्रालयाने २०२१ मध्येच मुंबईच्या अभ्यासाचा निष्कर्ष दिशाभूल करणारा ठरवला होता. गुळवेल सुरक्षित आहे, तिच्यासारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा ही दुसरी वेल मात्र अपायकारक असू शकते, असं पुढच्या वर्षी पुन्हा सांगितलं. हा खुलासा मी गंभीरपणे घेतो. पण तो मान्य केला तर जबाबदारी कमी होत नाही, वाढते. एवढ्या मोठ्या मागणीत जंगलातून, बांधावरून, कुंपणावरून गोळा झालेल्या वाळक्या तुकड्यांमध्ये कोणती वेल आहे हे कारखान्याच्या दारात कोण तपासतं? कातकऱ्याची नजर उभी वेल अचूक ओळखते, त्या नजरेवर माझा विश्वास आहे. वाळलेलं, कापलेलं, दहा ठिकाणांहून मिसळलेलं पोतं ओळखणं हे प्रयोगशाळेचं काम आहे आणि त्याचा खर्च नफा घेणाऱ्या कंपनीने उचलायचा आहे.

‘हजारो वर्षांचा अनुभव खोटा का?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. अनुभव खोटा नाही, पण तो कशाचा आहे ते पाहिलं पाहिजे. तो तापातल्या माणसाला वैद्याने नाडी पाहून काही दिवस दिलेल्या काढ्याचा आहे. धडधाकट माणसाने, कोणालाही न विचारता, महिनोन् महिने, जोडीला आणखी चार चूर्णं घेत रोज गुळवेल पिणं ही परंपरा नाही, ती २०२० मध्ये जन्मलेली नवी गोष्ट आहे. परंपरेचा दाखला तिला लागू होत नाही. शिवाय हजारांत एखाद्याला होणारा अपाय कोणत्याही एका वैद्याच्या, वैदूच्या किंवा डॉक्टरच्या आयुष्यभराच्या अनुभवातही ठळक दिसत नाही. तो नोंदी एकत्र केल्यावरच दिसतो. कोणी म्हणेल, लाखोंनी घेतली आणि ४३ जणांना बाधली, यात एवढं काय? आजारी माणसाने औषधाची जोखीम पत्करणं समजू शकतं. ज्याला काहीच झालेलं नाही त्याला ‘नैसर्गिक आहे, घेऊन टाक, नुकसान तर नाही’ असं सांगून दिलेल्या वस्तूची कसोटी अधिक कडक असली पाहिजे.

आणि ॲलोपॅथी? तिची औषधं यकृत बिघडवत नाहीत का? बिघडवतात. भारतात औषधांमुळे होणाऱ्या यकृतविकारांत क्षयाच्या गोळ्यांचा वाटा सर्वांत मोठा आहे. खासगी रुग्णालयांची बिलं, अनावश्यक तपासण्या, कोविडमध्ये खाटेसाठी झालेली ससेहोलपट, यांनी मध्यमवर्गाच्या मनात जो राग साठला तोही न्याय्य आहे. पण क्षयाच्या गोळ्यांचा दोष आपल्याला कळला तो मोजल्यामुळे, आणि म्हणून रुग्णाला आधी सावध करता येतं, कावीळ दिसताच गोळ्या थांबवता येतात. डॉक्टरच्या धंद्यावरचा राग औषधाच्या तपासणीवर काढला तर नुकसान रुग्णाचंच होतं. २०२१ च्या मे महिन्यात पतंजलीचे रामदेव यांनी आधुनिक वैद्यकाची जाहीर हेटाळणी केली, भारतीय वैद्यक संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २०२४ मध्ये पतंजलीला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल माफी मागावी लागली. अशा भांडणात गुळवेलीच्या बाजूने बोलणारे पुष्कळ निघाले. तिचा नीट अभ्यास मागणारे थोडे होते, आणि ती तोडणाऱ्यांना भाव किती मिळतो हे विचारणारे त्याहून थोडे.

शहापूरच्या कातकऱ्यांचा या सगळ्यात दोष नाही. त्यांनी प्रामाणिकपणे एक वनोपज विकलं आणि त्यांचा तो रोजगार टिकला पाहिजे. तो टिकायचा असेल तर वेलीची ओळख पटवणारी तपासणी तालुक्यातच व्हायला हवी, वेल मुळासकट न ओरबाडता तोडण्याची आणि लावण्याची शिस्त हवी, आणि जे गाव मुंबईला औषध पुरवतं त्या गावच्या आरोग्य केंद्रात सर्पदंशावरचं प्रतिविष बाराही महिने हवं. डॉक्टरांनी रुग्णाला न रागावता ‘आणखी काय घेता?’ एवढं विचारावं, म्हणजे तो लपवणार नाही. आणि वाचकांना विनंती इतकीच: यकृताचा किंवा थायरॉइडचा त्रास असेल, स्वतःची प्रतिकारशक्तीच शरीरावर उलटण्याचा विकार असेल, तर जाणत्या वैद्याला किंवा डॉक्टरांना विचारल्याशिवाय गुळवेल घेऊ नका. घेत असाल आणि लघवी गडद किंवा डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी ती थांबवा आणि यकृताची रक्ततपासणी करून घ्या.